मुर्तिनीची लाल पेन्सिल

बू मुर्तिनीचं, म्हणजे मुर्तिनीआईचं, नाव आजवर तीन पुस्तकांत छापून आलं, आणि तिन्ही वेळा चुकलं. एका डच बाईंनी तिला 'मार्तिना' केलं. ऑस्ट्रेलियातल्या एका प्राध्यापकाने 'मुर्तिने' केलं. आणि जकार्ताच्या एका विद्वानाने तर कहरच केला! 'श्री. मुर्तोनो यांचे आभार' असं छापून त्याने बाईचा चक्क बाप्या करून टाकला. तेव्हा तिचा नवरा, पाक गिमान, म्हणजे गिमानराव, आठवडाभर तिला "या मुर्तोनोसाहेब, बसा, चहा घेणार का?" असं म्हणत होता. तिने एकदा त्याच्या अंगावर झाडू उगारला तेव्हा कुठे तो थांबला.

गिमान रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेला, दिवसभर आपल्या पिंजऱ्यातल्या होल्याशी गप्पा मारणारा माणूस. त्याला त्यात गंमत वाटायची. तिला वाटायची नाही. का वाटावी? एकतीस वर्षं ती जावातल्या सोलो शहराच्या पोथीघरात डोळे फोडत बसली होती. एका जुन्या सरदार घराण्याचं हे पोथीघर. मागच्या अंगणात चाफा, पुढे ओसरी, आणि आत काचेच्या कपाटांत वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या हजारभर पोथ्या. जावानी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अक्षराला अक्षर चिकटलेलं, अक्षराच्या पोटाखाली दुसरं अक्षर लोंबणारं, आणि कुठे शब्द तोडायचा ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचं. मुर्तिनी ते वाचायची आणि टाइपरायटरवर रोमन अक्षरांत उतरवून द्यायची. जगभरचे विद्वान यायचे, चार महिने तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, "बू, हे काय? बू, ते काय?" करत तिला भंडावून सोडायचे, जाताना बिस्किटांचा डबा द्यायचे, आणि दोन वर्षांनी त्यांचं जाडजूड पुस्तक टपालाने यायचं. त्यात शेवटी कुठेतरी मार्तिना.

त्या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकाने केलेलं तर तिने मनात धरून ठेवलं होतं. त्याची पोथी कुणी लिहिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडचे जुने कवी आपलं नाव उघड लिहीत नाहीत, तो उद्धटपणा समजतात. पण नाव मिरवायची हौस कुणाला सुटलीय? मग ते नाव लपवतात. कडव्यातल्या प्रत्येक चरणाचं पहिलं अक्षर उचलायचं, एकापुढे एक ठेवायचं, की नाव तयार. गाणाऱ्याला पत्ता लागत नाही, ऐकणाऱ्याला लागत नाही, फक्त शोधणाऱ्याला सापडतं. त्या पोथीतलं नाव मुर्तिनीने शोधलं. भाताचा डबा उघडता उघडता तिला ते दिसलं आणि ती तशीच उष्ट्या हाताने धावत गेली होती. प्राध्यापकाने तिला मिठीच मारायची बाकी ठेवली. पुस्तकात मात्र तळटीप आली : 'हे नाव प्रथम माझ्या लक्षात आले.'

"माझ्या म्हणे! याच्या!" ती घरी येऊन ओरडली होती. "याला तर 'क' आणि 'ग' यांतला फरक कळत नव्हता!"

"अगं, पण तुला माहितेय ना, तू शोधलंस ते," गिमान म्हणाला.

"मला माहीत असून काय त्याचं लोणचं घालू?"

तर असं हे दुखणं. आणि आता पोथीघरातलं तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. डिसेंबरात साठ पुरी होणार, फुलांचा हार आणि भिंतीवरचं घड्याळ मिळणार, आणि मग घरी बसून होल्याचं गाणं ऐकायचं. तिला एकच हवं होतं. एका तरी पुस्तकात, एकदा तरी, आपलं नाव धड यावं.

त्याच वर्षी पाक डॉक्टर आले.

डॉक्टर शाहरियाल मूळचे सुमात्राचे, पदांगकडचे. जावानी भाषा ते हॉलंडात शिकले होते, तीही पुस्तकातून. आमच्या भाषेत थोरामोठ्यांशी बोलायचे शब्द वेगळे, बरोबरीच्यांशी वेगळे. या सद्गृहस्थांना फक्त थोरामोठ्यांचेच येत. पहिल्या दिवशी ते सायकलरिक्षातून उतरले आणि रिक्षावाल्याला भाडं देताना त्यांनी राजाशी बोलावं तशा भाषेत सांगितलं की महाराजांनी ही क्षुद्र भेट स्वीकारावी. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, कोण महाराज आलेत म्हणून! पण माणूस सालस. हद्दपार झालेल्या एका राजपुत्राच्या समुद्रप्रवासाची, त्याच्या चाकराने छंदात लिहिलेली पोथी त्यांना छापायची होती. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "बाहेरचे येतात, नेतात आणि आपल्या नावावर छापतात, हे मला पटत नाही. या वेळी पुस्तकावर माझ्या जोडीने इथल्या माणसाचं नाव असेल. अगदी वर, मुखपृष्ठावर."

मुर्तिनीचा टाइपरायटर थांबला. इथलं माणूस म्हणजे कोण? ती! आणखी कोण असणार? ती कपाटामागे गेली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. त्या दिवशी तिने गिमानला न मागता सोयाबीनचं तळलेलं टेंपे वाढलं. गिमान म्हणाला, "आज काय, होल्याचं लग्न आहे का?"

पण पोथीघरात आणखी एक माणूस होतं. वेनिंग.

वेनिंग अठ्ठावीस वर्षांची, सगळ्यांची म्बाक, म्हणजे ताई, क्लातेनजवळच्या खेड्यातून आलेली, आई बाजारात पापड विकणारी. चार वर्षांपूर्वी ती नोकरीला लागली तेव्हा तिला जुनी अक्षरं धड ओळखता येत नव्हती. मुर्तिनीने तिला शिकवलं. कसं शिकवलं ते विचारू नका. पट्टीने बोटांवर मारायचंच बाकी ठेवलं होतं. "डोळे आहेत की बटणं?" "हे पोट आहे अक्षराचं, शेपूट नाही!" "गावी जाऊन पापड लाट, जा!" पोरगी खाली मान घालून "हो बू, चुकलं बू" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तेच पान घोटून यायची. मुर्तिनीला ते आवडायचंही. आपल्या हाताखाली कुणी तरी तयार होतंय, हे कुणाला आवडत नाही? आवडायचं, तोवर सगळं ठीक होतं.

पण पोरीला देवाने गळा दिला होता. आमच्या पोथ्या मुळात गाण्यासाठीच. प्रत्येक छंदाला ठरलेले चरण, प्रत्येक चरणात ठरलेली अक्षरं, शेवटी ठरलेला स्वर. मुर्तिनी डोळ्यांनी वाचणारी, तिचा आवाज म्हणजे फुटकं मडकं. वेनिंग मात्र वाचता वाचता गायला लागायची, आणि चाफ्याखालचा माळी झाडू टेकून उभा राहायचा. रेडिओवर महिन्यातून एकदा तिचा कार्यक्रम असायचा. रस्त्यातली माणसं तिला ओळखायची. मुर्तिनीला रस्त्यात ओळखणारा एकच, कोपऱ्यावरचा चष्मेवाला.

एका सकाळी पाक डॉक्टर म्हणाले, "म्बाक वेनिंग, बू मुर्तिनींनी टाइप केलेली ही पानं मला जरा गाऊन दाखवता का? कानाला कशी लागतात बघू."

वेनिंग गायला लागली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसऱ्यात सहाव्या चरणावर ती अडखळली. सूर शिल्लक राहिला आणि शब्द संपला. तिने पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मग तिने पोथी ओढली, बोट फिरवलं, आणि अगदी हळू म्हणाली, "बू... इथे एक अक्षर सांडलंय बहुतेक. 'ता' आहे पोथीत. आठ हवीत, सात झालीत."

मुर्तिनीने पाहिलं. 'ता' होता. वाळवीच्या भोकाला लागून, पण होता. एकतीस वर्षांत एक अक्षर. आणि ते सांडलेलं दिसावं कुणाला? तर जिला आपण अक्षर म्हणजे काय ते शिकवलं, तिला!

"व्वा!" पाक डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे कान डोळ्याहून खरा! हे तर मला प्रस्तावनेत लिहायला हवं!"

"वय झालं," मुर्तिनी हसून म्हणाली. हसली आपली. आतून अंगाचा तिळपापड झाला होता. कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच, असं ती दिवसभर मनात घोळवत राहिली. संध्याकाळी घरी जाऊन तिने भात करपवला.

त्या दिवसापासून पाक डॉक्टरांची खुर्ची हळूहळू सरकली. आधी ती मुर्तिनीच्या टेबलाला लागून होती. मग मध्ये आली. मग खिडकीपाशी, वेनिंगच्या टेबलाला जाऊन भिडली. दिवसभर गाणं, हसणं, "म्बाक, हे पुन्हा म्हणा," "म्बाक, इथे थांबायचं का?" मुर्तिनी आपल्या टाइपरायटरवर इतक्या जोरात बडवायची की कार्बनला भोकं पडायची. दर अक्षर ती आता तीनदा तपासायची. आठशे कडवी तिने उतरवली. आठशे! गाणारीने काय केलं? गायलं. पण म्हणतात ना, राबणाऱ्याने राबावं आणि गाजणाऱ्याने गाजावं.

ऑगस्टमध्ये पाक डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. मुखपृष्ठाचा नमुना आला होता. मुर्तिनीने चष्मा सावरला. वर डॉक्टर शाहरियाल. खाली : 'आणि वेनिंग'.

"प्रकाशक दोनच नावं घेतो म्हणाला," पाक डॉक्टर ओशाळून म्हणाले. त्यांना कळत होतं, अगदीच दगड नव्हते ते. "बू, तुमचं ऋण तर... आभारात आपण 'पोथीघरातील सर्व ज्येष्ठ कर्मचारी' असं घेतलंय. नावं घ्यायची तर सगळ्यांचीच घ्यावी लागतात."

"नको नको, माझं कशाला," मुर्तिनी म्हणाली. आमच्याकडे असंच म्हणतात. काळीज फाटत असलं तरी असंच म्हणतात.

वेनिंगचा चेहरा पडला होता. "पाक, बूंचं नाव नसेल तर माझंही नको," ती म्हणाली.

"अगं, पण मुखपृष्ठ छपाईला गेलंय!"

मुर्तिनीने ते ऐकलं आणि तिला वाटलं, काय पण नाटक! नाव घ्यायचं ते घ्यायचं, वर साळसूदपणाही मिळवायचा. गळा गोड, जीभ गोड. असली गोड माणसंच घर जाळतात.

आता आमच्याकडे अशी रीत आहे की पोथीची नवी आवृत्ती निघाली की तिच्या आरंभी एक नवं कडवं घालायचं. शुभ बोलायचं, चूकभूल द्यावी घ्यावी म्हणायचं. ते वेनिंगने लिहावं असं ठरलं. तिने दहा चरणांच्या छंदात लिहिलं. पंधरा दिवस लागले तिला. रोज जेवणाच्या सुटीत ती चाफ्याखाली बसायची, बोटांवर अक्षरं मोजायची, कागद चुरगाळायची. मुर्तिनी खिडकीतून बघायची. "लिहिते म्हणे! सात जन्म घेतलेस तरी जमायचं नाही," असं पुटपुटायची.

मग एका दुपारी वेनिंग तिच्या टेबलाशी आली. हातात एकच कागद. जुन्या पोथीसारखंच सगळं सलग लिहिलेलं, चरणाला चरण चिकटून, मध्ये फक्त बारीक तिरकी रेघ.

"बू," ती म्हणाली, "तुमची लाल पेन्सिल फिरवाल? तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी देणार नाही."

"मी कशाला? कान डोळ्याहून खरा असतो ना."

वेनिंग लाल झाली. "असं नका म्हणू, बू. एवढं बघाच. सुरुवातीपासून... नीट बघा हं. सावकाश."

नीट बघा हं! मला सांगते! मुर्तिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ठेव तिथे," ती म्हणाली.

पोरगी गेल्यावर तिने पेन्सिलीला टोक काढलं. सुरीने, बारीक, चांगलं सुईसारखं. मग वाचायला लागली. आणि खरं सांगायचं तर कडवं चांगलं होतं. समुद्राचं होतं, अंधारात होडी हाकणाऱ्याचं होतं, मागे बसलेल्याला वाट दिसावी म्हणून पुढच्याने दिवा धरला आहे, असं काहीसं. मुर्तिनीला ते चांगलं आहे हे कळलं आणि म्हणूनच तिचा जीव जास्त जळला. वाईट असतं तर तिने एकही खूण केली नसती, तसंच जाऊ दिलं असतं, होऊ दे शोभा! पण चांगलं होतं. म्हणजे आता लोक म्हणणार, गाते पण आणि लिहिते पण.

ती दोष शोधायला लागली. शोधणाऱ्याला सापडतातच. तिसऱ्या चरणाच्या तोंडाशी 'मुर्वेंग' असा शब्द होता. अर्थ 'आरंभी'. पुरातन, दरबारी, आता कुणी वापरत नाही. "हे कुठून उकरून काढलं? मिरवायला!" तिने तो खोडला आणि वर लिहिलं, 'विवित'. आरंभच, पण साधा. अक्षरं तेवढीच. चौथ्याच्या तोंडाशी 'तिनोन'. म्हणजे 'दिसे'. पुन्हा तोच आव! खोडलं. 'कातोन' लिहिलं. पाचव्याच्या तोंडाशी तर 'निहान'! पाचशे वर्षांपूर्वीचा शब्द, 'असे हे' म्हणायला. "हिच्या पणजीने तरी निहान म्हटलं होतं का कधी?" खोडलं. 'इकी'. हे. झालं.

तीन शब्द. बाकी सगळ्या कडव्यात एकही शब्द अडलेला नव्हता, पाण्यासारखं वाहत होतं. हेच तीन तेवढे ओढूनताणून बसवलेले. ते असे का बसवले असतील, हा प्रश्न त्या दिवशी मुर्तिनीला पडला नाही. दुसऱ्या कुणाचं कडवं असतं, दोनशे वर्षं जुनं असतं, तर पडला असता. लगेच पडला असता.

तिने कागद परत दिला. वेनिंगने तो घेतला आणि तिन्ही लाल खुणांवरून बोट फिरवलं.

"बू, हे तुम्ही..." तिचे डोळे भरून आले. "सगळं वाचलंत ना?"

"वाचलं नाही तर काय वास घेतला?"

"मग हे तीन... मुद्दाम काढलेत?"

"मुद्दाम काढले. नको तिथे नको ते मिरवलेलं मला चालत नाही."

"तुमची हीच इच्छा आहे, बू?"

"हीच. आणि यात आता कुणी एक अक्षर बदलायचं नाही. कळलं?"

वेनिंगने तिचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला, थोरांचा घेतात तसा. मुर्तिनीने तो ओढून घेतला. पोरगी रडत रडत बाहेर गेली तेव्हा तिला बरं वाटलं. हे लपवून काय करायचं? बरं वाटलं. त्या संध्याकाळी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पुस्तक नोव्हेंबरात आलं. समारंभ पोथीघराच्या ओसरीवर, दुपारी चारला. खुर्च्या मांडल्या, चिकट भाताचे लेम्पर केळीच्या पानात बांधून डब्यांत ठेवले, गोड चहा झाला. मुर्तिनीने ठेवणीतली तपकिरी बाटिक लुंगी नेसली आणि वर जांभळी कबाया, लांब बाह्यांचं पोलकं, घातली. यायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण गिमान म्हणाला, "चल गं, फुकटचा लेम्पर आहे." ती मागच्या रांगेत बसली. शेजारी गिमान, केसाला तेल लावून.

वेनिंगने आरंभाचं कडवं गायलं. शहरातले सगळे जुने जाणकार आलेले, कान टवकारून बसलेले. तिन्ही बदललेले शब्द तिने जसेच्या तसे घेतले. साधे शब्द, पण तिच्या गळ्यातून आले आणि कुणाला काही खटकलं नाही. मुर्तिनी मनात म्हणाली, माझ्यामुळे सुधारलं, पण टाळ्या कुणाला? टाळ्या पडल्या. तिने लेम्परचं पान सोडलं.

मग पाक डॉक्टर उभे राहिले. आभार वगैरे झाले. मग ते थांबले आणि म्हणाले, त्याच आपल्या राजदरबारी भाषेत, "एक गोष्ट मी सांगू नये असं म्बाक वेनिंगने मला विनवलंय. क्षमा असावी, मी सांगणार आहे. आत्ता ऐकलेलं कडवं मुळात असं नव्हतं."

मुर्तिनीने घास तोंडाशी धरला. आता माझी पेन्सिल काढणार हा, तिला वाटलं.

"माझ्याकडे मूळ कागद आहे," पाक डॉक्टर म्हणाले. "दहा चरण. जाणत्यांनी प्रत्येक चरणाचं पहिलं अक्षर धरावं." आणि ते सावकाश वाचायला लागले, दर चरणाला एक बोट दुमडत. "इ. बु. मुर. ति. नि. गु. रु. का. वु. ला."

इबु मुर्तिनी, गुरू कावुला. मुर्तिनीआई, मज दासीची गुरू.

ओसरीत कुणीतरी "आहाहा!" केलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली.

"मुखपृष्ठावर जागा मिळाली नाही म्हणून या मुलीने त्यांना इथे बसवलं," पाक डॉक्टर म्हणाले. "पुस्तकाच्या अगदी आरंभी, आमच्या दोघांच्याही आधी. आणि बू मुर्तिनींनी काय केलं? कागद वाचला. लपलेलं नाव त्यांच्या नजरेतून सुटेल असं या शहरात कुणी म्हणेल का? त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि नेमकी तीनच अक्षरं काढली. मुर, ति आणि नि. गुरू ठेवला, स्वतःला पुसून टाकलं. मी वीस वर्षं तुम्हा जावानी माणसांच्या नम्रतेबद्दल पुस्तकांत वाचत आलो. आज पाहिली."

सगळी ओसरी मागे वळली. माणसं उठून उभी राहिली. टाळ्या अशा की चाफ्यावरचे पक्षी उडाले. गिमान शेजारी बसून ढसाढसा रडत होता, नाक पुसत होता आणि म्हणत होता, "अगं, मला सांगायचं तरी! मला तरी सांगायचंस!"

मुर्तिनीच्या हातातला लेम्पर मांडीवर पडला होता. ती मनात ओळ पुन्हा धरत होती. इ, बु, मग वि, का, इ. तिच्याच हस्ताक्षरात लिहिलेली. त्यांच्या खाली मुर, ति, नि. दोनशे वर्षं जुन्या पोथीत, उष्ट्या हाताने, वाळवीच्या भोकांतून जे ती हुडकून काढायची, ते समोर ताज्या शाईत होतं, स्वतःचं होतं, पहिल्यांदाच चूक नसलेलं होतं. आणि तिने टोक काढून, सुईसारखं टोक काढून, ते खोडलं होतं. हजार प्रती छापून झाल्या होत्या.

लोक येऊन तिचे हात हातात घेत होते. "याला म्हणतात मोठेपण!" "आजकाल कोण करतं असं?" ती नुसती मान हलवत होती. नाही, नाही, असं. लोकांना ते आणखीच भावत होतं.

गर्दी ओसरल्यावर तिने वेनिंगला खांबाआड ओढलं. मनगट इतकं घट्ट धरलं की पोरीच्या बांगड्या रुतल्या.

"ऐक," ती म्हणाली. "मी पाहिलंच नव्हतं गं. मला दिसलंच नाही ते नाव. मी जळत होते. तुझ्यावर जळत होते, वेनिंग! तू गातेस म्हणून, तुझं नाव छापलं म्हणून. तुझं काहीतरी बिघडवायचं म्हणून मी ते शब्द काढले. कळतंय का तुला? नम्रता नाही आणि काही नाही. मला माझं नाव हवं होतं."

वेनिंगने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. मग तिने तो सुरकुतलेला हात पुन्हा कपाळाला लावला.

"पुरे ना, बू," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी आणखी किती लहान व्हाल?"

"अगं, खरं सांगतेय!"

"हो, बू. खरंच. चला, तुमच्यासोबत फोटो काढायला सगळे थांबलेत."

पाक डॉक्टरही तिकडे आले होते. त्यांनी मुर्तिनीचं 'नम्रता नाही' तेवढंच ऐकलं असावं, कारण ते थांबले, छातीवर हात ठेवून वाकले आणि हळूच कुणाला तरी म्हणाले, "बघा, अजूनही नाहीच म्हणतायत."

मुर्तिनीला ओरडावंसं वाटलं. ओरडून काय करणार होती? तिने मान खाली घातली, आणि लोकांनी तीही नम्रताच मानली.